इंजिनाला अभ्यंग

इंजिन अर्धा तास उलटं फिरत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या अर्ध्या तासात मी वर्गाला त्या इंजिनाची शक्ती कशी मोजायची हे शिकवत होतो. पोरं मान खाली घालून आकडे उतरवून घेत होती. शेवटी सिद्धाप्पा नावाच्या जतच्या मुलानं हात वर केला आणि म्हणाला, “सर, उत्तर उणे येतंय की हो. म्हणजे हे इंजिन आपल्याला काय देत नाही, आपल्याकडूनच घेतंय.”

मी त्याला काय सांगितलं असेल? “आधी चिन्ह बदल, मग बघू.” आता चाळीस वर्षं प्रयोगशाळेत घालवून निवृत्त झालेल्या माणसानं असली सुरुवात सांगू नये, असं आमच्या घरच्यांचं मत आहे. पण दिवाळी अंकात लोक स्वतःच्या पराक्रमाबद्दल भरपूर लिहितात. माझ्याकडे तो माल कमी आहे. जे आहे ते देतो.

काळ चाळीसच्या दशकाच्या अखेरीचा. स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते, सांगली संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि सांगलीला इंजिनिअरिंगचं नवं कॉलेज उभं राहिलं होतं. मी साताऱ्याचा, एका शाळामास्तरांचा मुलगा. पुण्याहून पदवी घेऊन आलो आणि या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो, म्हणजे प्रयोग करून दाखवणारा माणूस. उष्णता आणि इंजिनं हा माझा विषय. त्यात मला पहिला वर्ग होता. मात्र उभ्या जन्मात मी एकही इंजिन स्वतःच्या हातानं सुरू केलेलं नव्हतं. पुण्यात इंजिन सुरू करायला वेगळा माणूस असे. आम्ही यायच्या आधीच ते धडधडत असे, आणि आम्ही स्वच्छ सदरे घालून काटे वाचत असू. इंजिन आपोआप सुरू होतं अशी माझी जवळजवळ समजूतच झाली होती.

आमच्या प्रयोगशाळेला पत्र्याची शेड होती. तिच्यात एक लहानसा उभा बॉयलर होता आणि एक जुनं क्रूड ऑइलचं इंजिन होतं. हे इंजिन आमच्याकडे येण्याआधी कुठल्याशा विहिरीवर पाणी उपसत होतं. त्याच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा होता. तो ब्लोलँपच्या ज्योतीनं लाल होईपर्यंत तापवायचा, मग शेजारचं फ्लायव्हील नावाचं अवजड चाक हातानं पुढंमागं झोकून एक जोराचा धक्का द्यायचा, की आतलं तेल पेटून ते चालू होई. धक्का चुकला तर इंजिन मागं उसळून उलटं चालू होई. त्याला त्याचं काही सोयरसुतक नसे. उलटंही ते सुलट्याइतक्याच उत्साहानं धडधडत राही.

इंजिन किती जोर लावतं हे मोजायची पद्धत बाहेरच्या माणसालाही कळेल इतकी सोपी आहे. इंजिनाच्या आसावर एक लोखंडी चाक असतं, ब्रेकचं चाक. त्यावरून जाड दोर टाकायचा. दोराच्या एका टोकाला वजनं अडकवायची, दुसरं टोक एका ताणकाट्याला बांधायचं. चाक फिरताना दोराशी घासतं आणि वजन उचलू बघतं. वजन जितकं उचललं जाईल तितका काट्यावरचा ताण कमी होतो. वजनातून काट्याचा आकडा वजा केला की उरतो तो इंजिनाचा जोर. इंजिन उलटं फिरत असेल तर ते वजनाऐवजी काट्यालाच ओढतं, काटा वजनापेक्षा जास्त दाखवतो आणि वजाबाकी उणे येते. सिद्धाप्पाचं गणित बरोबर होतं. फक्त त्याच्या सरांना ते रात्री जेवताना समजलं.

हा सिद्धाप्पा म्हणजे एक प्रकरणच होतं. दुसऱ्या एका प्रयोगात इंजिनाला थंड ठेवणारं पाणी किती उष्णता वाहून नेतं हे मोजायचं होतं. टाकीतून गार पाणी इंजिनात यायचं, गरम होऊन बाहेर पडायचं. ते बादलीत धरायचं, तोलायचं, त्याचं तापमान घ्यायचं आणि गटारात ओतायचं. त्या दिवशी माझी मती गुंग झाली. इंजिन तेच, तेलही तेच, पण पाणी प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी उष्णता नेत होतं. मी मोठमोठ्या कारणांचा विचार करू लागलो, एक पुस्तकही उघडलं. मग शिडीवर सिद्धाप्पा दिसला. तोललेली प्रत्येक बादली तो पुन्हा वरच्या टाकीत ओतत होता.

“अरे, ते पाणी टाकून द्यायचं!” मी ओरडलो.

“टाकून?” तो बादली छातीशी धरून शिडीवरच उभा राहिला. “सर, आमच्याकडं एवढ्या पाण्यात दोन घरं आठवडाभर चालतात हो. हे काय घाण नाही. नुसतं गरम आहे.”

टाकीतलंच पाणी तापत चालल्यावर ते इंजिनातली उष्णता काय नेणार? पण जतच्या दुष्काळी मुलखातल्या पोराला चांगलं पाणी गटारात ओतायला लावणं मला जमलं नाही. आम्ही शेडबाहेर एक पिंप ठेवलं. वसतिगृहातली मुलं त्या गरम पाण्यानं अंघोळी करू लागली. माझ्या तासाला पोरं वेळेवर यायची त्याचं खरं कारण हे होतं; मी बरीच वर्षं ते माझ्या शिकवण्याला देत आलो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे त्या माणसाकडे येतो. बापू मोहिते. कऱ्हाडजवळच्या एका गावचा, ऊसवाल्या घरातला. लढाईच्या काळात सैन्यात गाड्या दुरुस्त करत होता, तिथून सुटल्यावर शिकायला आला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. मिशा अशा, की त्याला “अरे” म्हणायला माझी जीभ रेटत नसे. मी त्याला “अहो मोहिते” म्हणे आणि तो टाच जुळवून “जी सर” म्हणे, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला कोण कुणाचा साहेब हे कळत नसे. गणितात तो कच्चा होता. साधं त्रैराशिक करताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. पण फ्लायव्हीलला धक्का देणं मी त्याच्यावर आणि आणखी दोन दांडग्या पोरांवर सोपवलं होतं. मी लांब उभा राहून “हं, आता” म्हणत असे. तेवढं मला चांगलं जमत होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीची समिती येणार होती. आमच्याकडे पुढचा वर्ग सुरू करायची परवानगी द्यायची की नाही, हे ती प्रयोगशाळा बघून ठरवणार होती. परवानगी मिळाली नाही तर मुलांना पुढं पुण्याला जावं लागणार होतं.

खंडेनवमीच्या सकाळी पोरांनी शेड झाडून काढली. बापू एकटाच इंजिनापाशी बसून चिंधीनं पितळ घासत होता. मी सहज विचारलं, “पुण्याला जायची वेळ आली तर कुठं उतराल मोहिते?”

“मी कुठला जातोय सर.” त्यानं घासणं थांबवलं नाही. “आमचं म्हातारं हातरुणाला खिळलंय. दर शनवारी जाऊन ऊस बघावा लागतो. सांगलीत हाय म्हणून जमतंय. वर्ग न्हाई मिळाला तर हितनंच गावाकडं. शिक्षान संपलं.”

हा माणूस एवढ्या लांब जाऊन, लढाईतून जिवंत परत येऊन, आता लहान पोरांशेजारी बाकावर बसून त्रैराशिकाशी झुंजत होता. आणि त्याचं पुढचं शिक्षण माझ्या शेडीवर अवलंबून होतं. मी मनाशी ठरवलं की समितीपुढं आपली प्रयोगशाळा कशातही कमी पडू द्यायची नाही. ठरवण्याची माझी हौस दांडगी.

मग पूजा झाली. शेतकऱ्याची पोरं आणि एक सैन्यातला माणूस एकत्र आल्यावर पूजा कशी व्हायची? घरी नांगर-कुळव पुजतात, तसं त्यांनी इंजिन पुजलं. आधी रॉकेलनं धुतलं. मग पुसलं. मग बापूनं शेंगदाण्याचं तेल मागवलं आणि चौघांनी मिळून इंजिनाला असा अभ्यंग घातला की नवऱ्या मुलालाही कुणी घालत नसेल. पितळी नळ्या, फ्लायव्हील, पाया, ब्रेकचं चाक, सगळं चोळून चोळून चमकवलं. दोर रुक्ष दिसत होता म्हणून त्यालाही तेल पाजून वर हळद लावली. हळदीकुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती. नारळ मी फोडला. ब्रेकच्या चाकात मला माझा चेहरा दिसला आणि मी म्हणालो, “शाब्बास! याला म्हणतात देखभाल.”

त्याच आठवड्यात मी फळ्यावर घर्षणाचं सूत्र दोनदा लिहिलं होतं. घासल्याशिवाय दोर ओढला जात नाही हे मला तोंडपाठ होतं. पण सूत्र फळ्यावर होतं आणि तेल चाकावर होतं. दोघांची गाठ पडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

दसरा झाला आणि समिती आली. तिघे होते. अध्यक्ष म्हणजे पुण्याचे एक वयस्क प्राध्यापक, डोक्यावर सोला हॅट, आवाज बारीक. दुसरे सरकारी खात्यातले अधिकारी. तिसरे गृहस्थ प्राचार्यांच्या घरी भरपेट जेवल्यानं बोलण्याच्या स्थितीत नव्हते. इंजिन तिघा पोरांनी झोकात सुरू केलं, तेही सुलट. मी सिद्धाप्पाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

“भार टाका,” मी हुकूम सोडला.

बापूनं दहा पौंडांचं वजन अडकवलं आणि परेडच्या आवाजात काटा वाचला, “दहा!”

“आणखी टाका.”

“वजन वीस. काटा वीस!”

“आणखी!”

“तीस! काटा... साडेएकोणतीस, सर!”

म्हणजे वजन उचललंच जात नव्हतं. चाक दोराखालून गुळगुळीत सरकत होतं आणि दोर शांतपणे लोंबत होता. इंजिन मजेत धडधडत होतं, कारण त्याला कामच नव्हतं.

अध्यक्षांनी सिद्धाप्पाला विचारलं, “यावरून तू काय निष्कर्ष काढशील?”

सिद्धाप्पा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. “साहेब, हे इंजिन जेवढं तेल खातंय तेवढं स्वतःलाच फिरायला वापरतंय. बाहेर काहीच देत नाही.”

“मग हे एखादं सरकारी खातंच म्हणायचं,” अध्यक्ष म्हणाले. अधिकारी हसले नाहीत.

मी तोंड उघडलं. काय काय बोललो ते नीट आठवत नाही, पण त्यात हवेतली आर्द्रता होती, तेलाची प्रत होती आणि सांगलीची समुद्रसपाटीपासूनची उंचीही होती. अध्यक्षांनी मला बोलू दिलं. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा बापू एक पाऊल पुढं आला.

“साहेब, काल-परवा खंडेनवमी झाली. आमी इंजिन पुजलंय. तेल चोळलं हाय.”

“कुठं?”

“समद्या अंगाला, साहेब. काय बी ठेवलं न्हाई.”

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? रीत हाय.” आणि माझी बाजू सावरावी म्हणून त्यानं जोडलं, “सरांनी नारळ फोडला.”

अध्यक्षांनी ब्रेकच्या चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेला नजर द्यायची सोय मला राहिली नव्हती. “इंजिन बंद करा,” ते म्हणाले. “चाक कोरडं करा. आम्ही चहा घेऊन येतो.”

बॉयलरच्या चुलीतली राख पोरांनी घमेल्यानं आणली. बापूच्या घरी गुऱ्हाळ होतं, उसाचा रस उकळायच्या काहिली घासून हात तयार झालेले. राख आणि उसाची चिपाडं घेऊन त्यांनी चाकाचं तेल उतरवलं. मी नवा दोर शोधून आणला. एवढं मात्र मी केलं, ते इथं नोंदवून ठेवतो. समिती परतली तोवर पूजेचं एकूण एक तेज उतरलं होतं आणि चाक पुन्हा कामाचं दिसू लागलं होतं.

बापूनं धक्का द्यायला बाह्या सारल्या. अध्यक्षांनी हात वर केला. “तुम्ही नाही. आता यांना करू द्या.” आणि बोट माझ्याकडे केलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी ब्लोलँप पेटवला आणि भुवया गमावल्या. गोळा पुरता तापायच्या आधीच घाईनं फ्लायव्हीलला धक्का दिला. इंजिनानं एकदा उचकी दिली. दुसऱ्या वेळी तेही केलं नाही. तिसऱ्या वेळी फ्लायव्हील मागं उसळलं, मी बाजूला होण्याच्या गडबडीत घमेल्यात बसलो, आणि इंजिन उलटं सुरू झालं. राखेत बसल्या बसल्याच मला ते ओळखता आलं, ही त्यातल्या त्यात प्रगती. कुणी हसलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी बापू आणि त्या दोन दांडग्या पोरांनीच इंजिन थांबवून सुलट सुरू केलं. वजन टाकलं, दोर ताठ झाला, चाकातून करपल्याचा वास आला आणि काटा हवा तसा खाली उतरला. बापू एकेक आकडा ओरडत होता, सिद्धाप्पा बरोबर उत्तरं काढत होता. अध्यक्ष पोरांमध्ये जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ त्यांना एकेक विचारत राहिले. मला काहीच विचारलं नाही.

काही आठवड्यांनी प्राचार्यांनी बोलावलं. वर्गाला परवानगी मिळाली होती. मी खुर्चीवरून उठलोच. बापू गावाकडं जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

“बसा,” प्राचार्य म्हणाले. “एक अट आहे. विद्यार्थी इंजिन चांगलं चालवतात, असं समितीनं म्हटलं आहे. डेमॉन्स्ट्रेटरनंही ते शिकून घ्यावं, असं पुढं म्हटलं आहे. वर्ष संपायच्या आत.”

मी बसलो.

“तुम्हाला काढावं तर दुसरा मिळत नाही,” प्राचार्य म्हणाले, “आणि ठेवावं तर तुम्हाला येत नाही. काय करू सांगा.”

मग त्यांनीच मार्ग काढला. माधवनगरच्या एका गिरणीत पाटील म्हणून इंजिनिअर होते. अगडबंब, बोलायला लागले की शेडीचा पत्रा थरथरावा असा आवाज, स्वतःच्या थोरवीबद्दल तिळमात्र शंका नाही. ते आठवड्यातून एकदा येऊन प्रयोग घेतील, मी विद्यार्थ्यांबरोबर बसेन, आणि वर्षाअखेर पाटील सगळ्यांची हातानं इंजिन चालवण्याची परीक्षा घेतील. सगळ्यांची म्हणजे माझीही. मी नापास झालो तर प्राचार्य साताऱ्याचं माझं तिकीट काढून देणार होते.

आता ते आठवलं की हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. इतर दिवशी मी फळ्यापाशी उभा राहून याच पोरांना शिकवायचो, आणि पाटलांच्या दिवशी त्यांच्याच शेजारी बाकावर बसायचो. पाटील हजेरी घ्यायचे. शेवटचं नाव माझं. पहिल्या दिवशी मला “हजर” म्हणता येईना, बापूनंच माझ्या वतीनं आवाज दिला, “हैत साहेब, हैत!” आम्हा दोघांची एक जोडी लागली. तो मला धक्का कधी द्यायचा ते शिकवायचा, मी त्याला त्रैराशिक शिकवायचो, आणि पाटील आम्हा दोघांनाही सारख्याच मोकळेपणानं शिव्या घालायचे. इंजिन कुणाच्या पदवीला भीक घालत नाही, असं ते म्हणायचे. हे मला समितीसमोर अनुभवानं कळलेलंच होतं.

परीक्षेच्या दिवशी पोरं एकेक करून बाहेर आली. माझी पाळी शेवटी. नियमानं शेडमध्ये फक्त जोडीदार थांबायचा, पण खिडक्यांना काचा नव्हत्या आणि प्रत्येक खिडकीत सगळा वर्ग होता. मी ब्लोलँप पेटवला. गोळा तापू लागला. मी फ्लायव्हीलकडे हात नेला.

“घाई नगा करू सर,” बापू हळूच म्हणाला. “ते तापू द्या. ते काय पळून जात न्हाई.”

मी थांबलो. गोळा लाल झाला, तरी थांबलो. मग फ्लायव्हील एकदा मागं, एकदा पुढं झोकलं आणि अंगातला सगळा जोर लावून धक्का दिला. इंजिनानं एक ठोका दिला. मग दुसरा. मग ते चालू झालं. ते सुलट आहे ना हे मी दोनदा वाकून पाहिलं. सुलट होतं. खिडक्यांमधून जो ओरडा झाला तो गावात ऐकू गेला असेल, आणि पाटलांनी त्याहून मोठ्यानं सगळ्यांना गप्प केलं. माझे डोळे वाहत होते. धुरामुळे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

निकाल लागला. बापू वर्गात दुसरा आला. मी खालून तिसरा, पण पास.

पदवी मिळाली तेव्हा पेढे आईनं वाटले होते. या वेळी मी स्वतः साताऱ्याहून कंदी पेढे आणले आणि शेडमध्ये सगळ्यांना दिले. बापूनं पेढा कपाळाला लावला आणि विचारलं, “मार्क किती पडलं, सर?”

मी खरा आकडा सांगितला.

“पास हाय न्हवं? मग झालं की,” तो म्हणाला. “चला आता पुढच्या वर्गाला आमच्यासंगं.”

प्राचार्यांना विचारून मी खरोखरच गेलो आणि पुढचं वर्षही पोरांशेजारी बाकावर बसलो.